भरलेली बॅटरी आणि सासऱ्यांचं घड्याळ

लाँड्रीत त्याला सगळे पक्कड म्हणायचे. पॅन्टच्या मागच्या खिशात कायम पक्कड असायची म्हणून, आणि एकदा धरलेलं काम तो सोडत नसे म्हणूनही. धंद्याने वायरमन. वायर सरळ टाकायची, जोड दिला की आधी स्वतः ओढून बघायचा आणि मग दुसऱ्याला ओढायला लावायचा, हा त्याचा नियम. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी माणसांपेक्षा भिंतींकडे जास्त बघायचा. वाकडी वायर दिसली की त्याला घास गिळवत नसे.

बोलणं कमी. पण खोड्या काढायची हौस दांडगी, आणि खोडी काढताना चेहरा असा, की दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलाय. मुकादम कामाच्या वेळी खुर्चीत रेलून डुलक्या काढायचा. पक्कडने त्या खुर्चीच्या पाठीत एक बटण बसवलं. मुकादम रेलला की बाहेर मशिनांपाशी घंटी वाजायची. घंटी बिघडली म्हणून मुकादम पक्कडलाच बोलवायचा. पक्कड यायचा, सगळं तपासायचा, "वायरिंगमध्ये दोष नाही," असं सांगून जायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

लाँड्री मोठी होती. दवाखान्यांच्या चादरी, लॉजचे टॉवेल, गाड्या भरभरून यायचं. पक्कडची बायको इस्त्रीच्या टेबलांवर मुख्य होती. हाताखाली डझनभर बायका, आणि आवाज असा की मशीन चालू असतानाही शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचा.

सासरेही इथलेच. टाइमकीपर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण येणं काही थांबलं नव्हतं. त्यांना सगळे मामा म्हणत, जावईसुद्धा. मशिनांच्या हॉलमध्ये उंचावर विजेवर चालणारं मोठं गोल घड्याळ होतं. मामांनी तरुणपणी स्वतः शिडीवर चढून ते लावलं होतं. कामाची घंटी त्या घड्याळावर, जेवणाची सुट्टी त्यावर, फाटक त्यावर. घड्याळाच्या काचेच्या दाराची किल्ली काळ्या दोरीत मामांच्या गळ्यात असायची. निवृत्त होताना त्यांनी खुर्ची दिली, टेबल दिलं, शिट्टी दिली. किल्ली द्यायची तेवढी विसरले, आणि मालकीणबाईही मागायची विसरल्या.

दर सोमवारी मामा यायचे. घरून निघताना रेडिओवर मनगटी घड्याळ लावलेलं असायचं. शिडी मागवायची, वर चढायचं, काच पुसायची, दोन्ही घड्याळं ताडून बघायची, आणि काट्यांना हात न लावता खाली उतरायचं. खाली येऊन म्हणायचे, "आहे तिथंच आहे." तेवढं बोलता यावं म्हणून ते अख्खा आठवडा काढायचे.

दुसऱ्या कुणाकडे वेळ बघायची सोयच नव्हती. एकदा कुणाचा तरी मोबाईल चादरीबरोबर मशीनमध्ये धुतला गेला, तेव्हापासून आत येताना मोबाईल फाटकापाशी पेटीत ठेवायचा, असा मालकीणबाईंचा कायदा होता.

गावाच्या टोकाला असल्यामुळे लाइन वेळी-अवेळी जायची. मालकीणबाईंनी छपरावर सोलर बसवून घेतलं. पण लाइन गेली की सोलरही बंद पडायचं. भर दुपार, छपरावर सोलरच्या पाट्या तापलेल्या, आणि खाली अंधारात बायका ओल्या चादरी घेऊन उभ्या. मामांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"जावईबापू, तुमचं सोलर रुसलं वाटतं. जरा समजूत काढा."

"रुसलं नाही मामा. त्याला मागून चालायची सवय आहे. पुढे लाइन चालत असली की तिच्या पावलावर पाऊल टाकतं. पुढे कुणी नसलं की जागीच उभं राहतं."

"म्हणजे जावयासारखंच," मामा म्हणाले. इस्त्रीच्या टेबलांवर सगळ्यात मोठ्याने पक्कडची बायकोच हसली.

मग बॅटऱ्या आल्या. मागची साबणाची खोली रिकामी करून त्यात मांडल्या. त्यांच्याबरोबर एक मोठा इन्व्हर्टर आला. हा मागून चालणारा नव्हता, हा पुढे चालणारा. बाहेरची लाइन असो नसो, तो लाँड्रीपुरती स्वतःची लाइन उभी करायचा आणि छपरावरचे सोलरचे इन्व्हर्टर त्याच्या मागे निमूट चालायचे. दोन्ही एकमेकांना जोडायचं काम पक्कडने महिनाभर घाम गाळून केलं. जाड केबल वाकवताना तळहाताची सालटी निघाली. एका कोपऱ्यात केबल जरा फुगली म्हणून त्याने ती सगळी उपसून पुन्हा टाकली. फुगल्याने काही अडणार नव्हतं. ती दिसत होती, एवढंच.

कंपनीचा माणूस सेटिंग करायला आला होता, तेव्हा त्याने एक गोष्ट समजावून सांगितली. बॅटऱ्यांचं पोट भरलं आणि मशिनं बंद असली, तर छपरावरून येणारी वीज जाणार कुठे? तेव्हा मोठा इन्व्हर्टर विजेचे ठोके वाढवतो. सेकंदाला पन्नास असतात, ते एक्कावन्न होतात, कधी त्याच्याही वर. त्या इशाऱ्यावर सोलरचे इन्व्हर्टर हात आखडता घेतात. पक्कड मान डोलवत होता, पण डोळे त्या माणसाने भिंतीवर तिरकी ठोकलेल्या पट्टीवर होते. तो गेल्यावर पक्कडने पट्टी सरळ केली. त्या ठोक्यांचं काय, ते तो तिथल्या तिथे विसरला.

बाहेरची लाइन मेन स्विचला तोडली. लाँड्री स्वतःच्या विजेवर रात्रंदिवस चालू लागली. मालकीणबाई खूश, मुकादम खूश. फक्त मामा नाक मुरडून म्हणाले, "घरगुती वीज. बघू या किती दिवस टिकते."

वीज टिकली. पण बाकीच्या गोष्टींना जरा पाय फुटल्यासारखं झालं. इस्त्रीवाल्या बायका म्हणायला लागल्या, "सोलर आल्यापासून दुपार पटकन सरते बाई." शनिवारी तर घरी पोचल्यावर स्वयंपाकाआधी पाठ टेकायलाही वेळ मिळू लागला. कुणी खोलात गेलं नाही. मिळालेल्या वेळेची चौकशी कोण करतं? मामा मात्र सोमवारी शिडीवर जास्त वेळ थांबायला लागले. "हल्ली काच फार मळते," म्हणायचे. आणि खाली उतरून तेच, "आहे तिथंच आहे."

मग एका शनिवारी दवाखान्याचा गाडीवाला चादरी न्यायला आला, तर फाटकाला कुलूप. सोमवारी सकाळी तो तावातावाने आत आला.

"सहाला बंद होते ना लाँड्री? मी आलो तेव्हा सहाला वीस मिनिटं होती! शनिवार-रविवार पेशंट काय वर्तमानपत्रावर झोपले?"

"तुझ्या मोबाईलमध्ये बिघाड असेल," मामा शिडीवरून म्हणाले. नुकतीच त्यांची काच पुसून झाली होती. "आण तो इथे. बघ. मिनिटाचा फरक आहे?"

गाडीवाल्याने बघितलं. मिनिटाचाही नव्हता.

"आता नाही. शनिवारी होता."

"घड्याळ काय आठवड्याचे वार बघून चालतं?"

"मामा, तुमचं वय झालं, घड्याळाचं झालं. दोघांनी आता आराम करा की."

मालकीणबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "खरंच मामा, हल्ली आपोआप वेळ लावून घेणारी घड्याळं मिळतात. एक आणू का?"

मामा शिडीवरून उतरले. एकेक पायरी मोजून उतरावं तसे. गळ्यातली किल्ली वर धरली. "येत्या शनिवारी, सुटायच्या वेळी, आणा मोबाईल. सगळ्यांसमोर. फरक निघाला तर ही किल्ली तुमच्या हातात, आणि या फाटकाच्या आत माझं पाऊल पुन्हा पडणार नाही."

"मामा, एवढं कशाला—"

"बोललो ते बोललो."

पक्कडला गंमत वाटली. म्हाताऱ्याची ऐट बघून तो गालातल्या गालात हसलाही. ते हसू दोन दिवस टिकलं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तो बॅटऱ्यांच्या खोलीत डबा उघडून बसला होता. हॉलमधली मशिनं एकेक करून थांबली. समोरच्या पडद्यावर बॅटरी भरल्याचं दिसत होतं, आणि पन्नासचा आकडा सरकत सरकत साडेएक्कावन्नाच्या पुढे गेला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, "झाली पण सुट्टी? अगं, आत्ता तर डबा उघडला!"

पक्कडचा घास हातात राहिला.

भिंतीवरच्या घड्याळात स्प्रिंग नव्हती. त्यातली मोटर विजेचे ठोके मोजायची आणि त्यावर काटे पुढे ढकलायची. पन्नास ठोके म्हणजे एक सेकंद, एवढंच तिला कळत होतं. बॅटऱ्यांचं पोट भरलं की ठोके भरभर पडायचे, आणि घड्याळ बिचारं इमानाने धावत सुटायचं. रोज थोडं थोडं. शनिवारपर्यंत वीसेक मिनिटं.

तो एकटाच खो खो हसला. अख्ख्या लाँड्रीला आपण रोज लवकर सोडतोय, आणि कुणाला पत्ता नाही! आयुष्यात एवढी मोठी खोडी त्याने ठरवून कधी काढली नसती. आणि मग मामांचा किल्ली वर धरलेला हात आठवला, आणि त्याने डबा बंद केला. घरी बसलेले मामा त्याला डोळ्यांसमोर आणता येईनात.

मामांना सांगावं? मग मरेपर्यंत 'घरगुती वीज' ऐकायची. मालकीणबाईंना सांगावं? त्या म्हणणार, मग आपोआप चालणारंच आणू या. काटे मागे करावेत, तर किल्ली मामांच्या गळ्यात. उरला एकच रस्ता. ज्या विजेने घड्याळ पळवलं, तिनेच ते मागे खेचायचं. ठोके पन्नासाच्या खाली आणायचे, की घड्याळ रेंगाळेल. किती खाली आणि किती वेळ, याचा हिशोब त्याने डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने केला, पुन्हा केला आणि पुसून टाकला. शुक्रवारी सुटताना लावायचं, शनिवारी संध्याकाळी बरोब्बर जुळायचं.

एक अडचण होती. शनिवारी दुपारी बॅटऱ्या भरल्या तर ठोके पुन्हा चढणार. तो बायकोकडे गेला.

"शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या इस्त्र्या चालू ठेवशील?"

"का?"

"असंच."

"असंच कुणी इस्त्री चालू ठेवत नाही. काय करून बसलायत?"

"काही नाही."

"तुमचा चेहरा बघा आरशात. मुकादमाच्या खुर्चीच्या वेळी अस्साच होता." पण ती इस्त्र्या चालू ठेवायला तयार झाली. बायका पाळीपाळीने जेवतील, म्हणाली. नजर मात्र काढली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या खुशीत वेळेआधी बाहेर पडल्या. पक्कडने पेटीतून मोबाईल काढून घड्याळाशी ताडून बघितला. वीस मिनिटं पुढे. हिशोब चोख. बॅटऱ्यांच्या खोलीत जाऊन त्याने ठोके खाली आणले आणि बाहेर आला. सोमवार नसूनही मामा आलेले, हॉलमध्ये घड्याळाखाली एकटेच बसले होते.

"चला मामा."

"तुम्ही व्हा पुढे. मी येतो जरा बसून."

पक्कडला वाटलं, म्हाताऱ्याला घड्याळापाशी थोडा वेळ एकटं बसायचं असेल. त्याने काही विचारलं नाही. मनात म्हणाला, काळजी करू नका मामा, तुमचा जावई आहे.

शनिवारी सकाळी बायका फाटकाबाहेर ताटकळल्या. "आज उशिरा उघडलं," म्हणाल्या. मुकादम म्हणाला, "परीक्षेच्या दिवशी सगळ्यांनाच भारी उत्साह!" पक्कड यातलं काही ऐकायला थांबला नाही. ज्याने उपद्व्याप केला त्याने त्या दिवशी लांब असलेलं बरं, अशा हिशोबाने तो बाहेरच्या लोखंडी जिन्याने बादली आणि फडकं घेऊन थेट छपरावर गेला आणि दिवसभर पाट्या धूत बसला. एकेक पाटी दोनदा धुतली.

मामांची ऐट तर बघण्यासारखी होती. मनगटी घड्याळ घरी ठेवून आलेले. घड्याळाखाली खुर्ची टाकून, त्याच्याकडे पाठ करून, हाताची घडी घालून दिवसभर बसले. एकदाही मागे वळून बघितलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "मला बघायची गरज नाही."

संध्याकाळी मालकीणबाई मोबाईल घेऊन आल्या. गाडीवाला त्याचा घेऊन आला. बायकांनी टेबलं सोडून कोंडाळं केलं. पक्कड जिन्याने उतरून मागच्या दारात उभा राहिला, फडक्याला हात पुसत, अगदी निष्पाप.

"वाजले सहा," मालकीणबाई म्हणाल्या आणि वर बघितलं.

घंटी वाजली नाही. घड्याळात सहाला वीस मिनिटं होती.

"मागच्या शनिवारी पुढे, या शनिवारी मागे!" गाडीवाला ओरडला. "मामा, हे घड्याळ आहे की झोपाळा?"

"म्हणजे आम्ही वीस मिनिटं जास्त राबणार होतो?" एक इस्त्रीवाली कडाडली. वेळेआधी सुटायच्या दिवसांबद्दल तिने कधी तोंड उघडलं नव्हतं.

मामा वळले. वर बघितलं. बघतच राहिले. पक्कडने घाईघाईने मनात हिशोब पुन्हा मांडला. हिशोब बरोबर होता. वीस मिनिटं पुढे होतं, तेवढं मागे यायला हवं होतं. ही मिनिटं आली कुठून?

मामांनी गळ्यातली दोरी काढायला सुरुवात केली. ती कानात अडकली. त्यांनी ती सोडवली. किल्ली धरून ते मालकीणबाईंकडे निघाले, आणि पक्कडला राहवलं नाही.

"थांबा मामा! घड्याळाचा दोष नाही. वीज हळू चालत होती. मीच केली."

"वीज हळू?" मालकीणबाई म्हणाल्या. "आणि मागच्या शनिवारी?"

"तेव्हा जोरात होती. ती पण माझीच."

मग त्याने सगळं सांगितलं. बॅटऱ्यांचं भरलेलं पोट, वाढणारे ठोके, इमानाने धावणारं घड्याळ. शेवटी म्हणाला, "काल घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं. म्हणून कालपासून हळू केली, आज जुळावं म्हणून."

मामांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे माझं घड्याळ इतके दिवस तुझ्या बॅटऱ्यांच्या पोटावर नाचत होतं! आणि मला वाटलं, आपलेच दिवस भरले! काल संध्याकाळपासून हळू केलीस? मग काल मी..."

आणि ते थांबले.

"काल तुम्ही काय, बाबा?" मुलीने विचारलं. टेबलावरून इस्त्री उचलून ती पुढे आली होती.

"काही नाही."

"काल सगळे गेल्यावर तुम्ही मागे का थांबलात?"

"काच पुसत होतो."

"काटे किती पुसलेत?"

मामांनी इकडे तिकडे बघितलं. "वीस मिनिटं," ते म्हणाले.

हॉल असा हसला की छपरावरच्या पाट्या हलल्या असतील. मुकादम हसता हसता भिंतीला टेकला. गाडीवाला चादरींच्या गाठोड्यावर बसला. पक्कडने सासऱ्यांकडे बघितलं, सासऱ्यांनी जावयाकडे. दोघांचा चेहरा दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा.

"एकाने जरी दुसऱ्याला सांगितलं असतं ना," मुलगी म्हणाली, "तर आज घड्याळ बरोबर असतं. पण तोंड कोण उघडणार? दोघेही एकापेक्षा एक."

मालकीणबाईंनी डोळे पुसले. "जाऊ द्या मामा. किल्ली ठेवा तुमच्याकडेच. आणि पक्कड, हे ठोके चढायचे थांबवायचे कसे?"

"ड्रायर सकाळी लावतो ते दुपारी लावायचे. वीज खपली की बॅटऱ्या ओसंडणार नाहीत. ठोके जागेवर राहतील."

"म्हणजे कपडे दुपारच्या उन्हात वाळवायचे," मालकीणबाई म्हणाल्या. "हे माझ्या आजीला बॅटरीशिवाय माहीत होतं."

मामा मात्र अडून बसले. त्यांनी किल्ली मालकीणबाईंच्या हातात ठेवली. "फरक निघाला तर किल्ली तुमची, असं म्हणालो होतो. फरक निघाला. कुणामुळे निघाला, असं काही म्हणालो नव्हतो." आणि फाटकाबाहेर चालायला लागले. कुणाचं ऐकलं नाही.

मालकीणबाईंनी किल्लीकडे बघितलं, सासऱ्या-जावयाकडे बघितलं आणि ती मामांच्या लेकीच्या हातात दिली. "तूच सांभाळ. या दोघांपैकी एकालाही माझ्याने देववत नाही."

सोमवारी मामा आले. फाटकापर्यंत. उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीला चपलांची टोकं लावून उभे राहिले. बायकांनी आत बोलावलं, मालकीणबाईंनी बोलावलं. "शब्द दिलाय," म्हणाले. खुर्ची बाहेर नेऊन दिली, तर तिच्यावर बसले आणि मान लांब करून हॉलकडे बघायला लागले. तिथून घड्याळाचा एक काटा दिसायचा. मंगळवारी पुन्हा आले. बुधवारीही.

गुरुवारी पक्कडने मालकीणबाईंना विचारून हॉलमधलं घड्याळ उतरवलं. हॉलपासून फाटकाच्या खांबापर्यंत पाइपातून वायर नेली. घड्याळासाठी पत्र्याची पेटी केली आणि ते खांबाच्या बाहेरच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून बसवलं. कष्टाचं काम होतं. दोन दिवस जमीन खणावी लागली आणि फरशी फोडावी लागली. मामा खुर्चीवर बसून बघत होते.

"हे काय चाललंय जावईबापू?"

"तुम्ही आत यायचं नाही म्हणालात. घड्याळाने बाहेर यायचं नाही, असं कुठं म्हणालात?"

मामांनी खुर्चीवरून उठून पेटी निरखली. मग म्हणाले, "पेटी अर्धा बोट खाली घे. शिडीवरून माझा हात पुरला पाहिजे." पक्कडने पेटी काढली आणि अर्धा बोट खाली घेतली.

पुढच्या सोमवारी मामांनी फाटकाच्या गजांतून हात आत घातला. आत मुलगी किल्ली घेऊन उभी होती.

"काटे हलवलेत तर सांगायचं," ती म्हणाली.

"सांगेन."

"आणि तुम्ही हो, ठोके हलवलेत तर," तिने मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला दरडावलं.

"सांगेन," पक्कड म्हणाला.

मामांनी किल्ली मुठीत घेतली. "जावईबापू, आज बॅटऱ्यांचं पोट कसं आहे?"

"निम्मं. दुपारी ड्रायर लागतील."

"मग घड्याळ बरोबरच असणार. चढायची गरज नाही," मामा म्हणाले, आणि मुकादमाला हाक मारून शिडी मागवली.